उकड आईची, कळ्या काकूच्या

यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी बुरशी. तिच्या पेशीतली प्रथिनं एकमेकांना चिकटून यंत्रं कशी बनवतात, यावर मी इतकी वर्षं पीएचडी करतेय की मुलुंडच्या आमच्या सोसायटीत "झालं का गं?" एवढंच विचारतात. काय, ते कोणी विचारत नाही.

एका गणपतीला मोदक करताना आईनं आणि काकूनं मात्र विचारलं. मी सांगितलं, बॅक्टेरियात प्रथिनांचं एक गोल कडं असतं, सगळी एकाच साच्याची. यीस्टमध्येही तसंच कडं, पण तीन जातींच्या प्रथिनांचं. त्यातली एक जात काढली, की कडं बसतच नाही.

"मग तीन कशाला?" काकू म्हणाली.

"उगाच. आधी दोनच जाती होत्या, त्यातल्या एका प्रथिनाची चुकून जादा प्रत निघाली. जोडीला कोणी आहे म्हटल्यावर दोघांनी आपापलं थोडं थोडं काम सोडलं. आता एकट्याला जमत नाही. प्रगती वगैरे काही नाही, नुसता आळस."

"म्हणजे तुझी पीएचडी आळसावर आहे," आई म्हणाली. "तरीच."

मला चांगलंच झोंबलं. पण उदाहरण समोरच पाट टाकून बसलं होतं. या दोघी जावा लग्न होऊन आल्या तेव्हा दोघींनाही अख्खे मोदक यायचे. घरं शेजारी, गणपती एकच. आईची उकड मऊ, म्हणून काकूनं उकड सोडली. काकूच्या कळ्या रेखीव, म्हणून आईनं कळ्या सोडल्या. पुढे ज्याचं त्याचं खातं ठरून गेलं.

यंदा काकू मुलाकडे बोरिवलीला राहायला गेली, आणि मुलानं जाहीर केलं की नव्या घरात आपला वेगळा गणपती. आमच्याकडे कोकणात भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, गणपती होत नाही. आई वरवर "छान झालं" म्हणाली आणि दिवसभर कोणाशी धड बोलली नाही. मला त्या चुलतभावाचा भयंकर राग आला.

चतुर्थीच्या आधी आईनं एकटीनं मोदक करून पाहिले. उकड झकास, पण वरून मोमो. बाबांनी निमूटपणे खाल्ले, म्हणजे किती वाईट ते समजा. संध्याकाळी काकूचा मला फोन. "माझी उकड फुटता गो. तुझ्या आवशीक सांगू नको."

मी ताबडतोब सांगितलं. आई हसली नाही, उलट तिचा चेहरा पडला. तेव्हा मी शास्त्रज्ञाच्या तोऱ्यात कळ्या पाडायचा व्हिडिओ लावून तिच्यापुढे धरला. "हे बघ, सोप्पं आहे. अर्ध्या तासात येईल तुला. काकूलाही उकडीचा पाठवते. दोघी मोकळ्या."

आईनं व्हिडिओ पाहिला. मग उकडीचा एक गोळा उचलून पारी केली, सारण भरलं, आणि माझ्यासमोर भराभर कळ्या काढून तोंड मिटलं. काकूइतका रेखीव नव्हता, पण मोमो नक्कीच नव्हता.

"येतं की तुला!"

तिनं तो मोदक मोडला आणि गोळा पातेल्यात टाकला. "तिला फोन लाव. म्हणावं, कळ्यांची वाट लागलीय, चतुर्थीला पहाटे इकडे ये, तुझ्या गणपतीचे डब्यात घेऊन जा."

"अगं, पण तुला येतंय ना?"

"मला येतं म्हटलं, तर ती येईल कशाला?" आईनं हात धुतले. "आळस म्हणे."