दगडातल्या दोन वाटा

लमीन आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायचा. कारखाना कसला, समुद्राच्या वाऱ्यावर पत्रे वाजणारी एक शेड. दूर थालाच्या डोंगरातून दगड यायचा आणि आम्ही त्याचे ओटे, पायऱ्या आणि थडगी करायचो. लमीन आकृती काढायचा, मशीनचा हात ती कापायचा आणि शेवटी मी, खमीस, घासून चकाकी आणायचो. सगळ्यांत जास्त धूळ माझ्या वाट्याला, पण ते राहू दे.

मोकळा वेळ मिळाला की माणसाने कॅफेत पत्ते खेळावेत, फुटबॉलवरून भांडावं. हा समीकरणं टाकून आकार उगवत बसायचा. एखादी वक्ररेषा घ्यायची, तिला पीळ द्यायचा, जाडी द्यायची आणि पडद्यावर गोल गोल फिरवायची. उरलेल्या तुकड्यांतून तो असले आकार कापूनही घ्यायचा. एक पिळलेली पट्टी होती, तिच्यावरून बोट न उचलता फिरवलं तर ते दोन्ही अंगांना लागून पुन्हा पहिल्या जागी यायचं. मी ती दाराला अडकण म्हणून लावली, तर पठ्ठ्या किती तरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्याच्या घरी आई मबरूका आणि धाकटा भाऊ वज्दी. मी शेजारच्या गल्लीत एकटा, त्यामुळे शुक्रवारचा कुसकुस, रव्याच्या वाफवलेल्या कण्यांचा, त्यांच्याकडेच. एका सकाळी वज्दी रोटी आणतो म्हणून घरातून निघाला आणि चोरून इटलीकडे जाणाऱ्या होडीत बसला. त्या होडीतलं कुणीही कुठल्या किनाऱ्याला लागल्याचं आजवर कानावर आलेलं नाही. फोन नाही, प्रेतही नाही.

आमच्या जर्जिस गावात कुणी लांबच्या वाटेला निघालं की त्याच्या पाठीमागे उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओततात, म्हणजे तो परत येतो. मबरूकाच्या मनाला तेच खात होतं. "रोटी आणायला जाणाऱ्याच्या मागे कोण पाणी ओततं रे खमीस?" ती मला दर शुक्रवारी विचारायची. मी कुसकुसात तोंड घालून बसायचो.

ती वज्दीचं ताट रोज मांडायची. त्यावर माशाचा चांगला तुकडा, वर चमचाभर हरिसा, लाल मिरचीचा ठेचा, त्याला आवडायचा तसा. सकाळी ते मांजरांना जायचं.

"आई," लमीन एकदा म्हणाला, "गैरहजर मयताची नमाज पढून घेऊ. त्यालाही सुटका, तुलाही."

"तुला तुझा भाऊ मारायचा तर मार," ती म्हणाली. "माझा मुलगा मी नाही मारणार."

लमीन पाणी पिऊन उठला. पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मला म्हणाला, "काका, ती दिवसभर धक्क्यावर बसते. जेवते नावाला. रोज थोडी थोडी त्याच्यामागे चाललीये. तिने एकदा हो म्हटलं ना, तर ती तरी वाचेल." त्याला दुसरं काही नको होतं. एक हो हवा होता.

त्याच सुमारास गावाने ठरवलं की समुद्रात गेलेल्यांसाठी धक्क्यावर एक शिल्प उभं करायचं. कुणी कबुतर सुचवलं, कुणी बुडत्याचा हात. लमीनची आकृती निवडली गेली. बहुतेक तिला चेहरा नव्हता म्हणून. कुणाचा, यावरून भांडणं नकोत.

मबरूका एकदा डबा घेऊन शेडमध्ये आली तेव्हा त्याने तिला ती पडद्यावर दाखवली. मधाच्या पोळ्याला पीळ पडावा तसा काहीतरी तो आकार, सगळा भोकांचा.

"तीन दिशांनी तीन लाटा येतात, आई. जिथे त्यांची बेरीज शून्य होते तिथे भिंत. भिंतीच्या अलीकडे एक वाट, पलीकडे दुसरी. दोन्ही अख्ख्या दगडभर फिरतात, एकमेकींना खेटून. पण कुठेच मिळत नाहीत."

"कुणाच्या वाटा?"

"एक गेलेल्यांची. एक आपली."

तिने पडद्यावर बोट ठेवलं. "मग एका जागी भोक पाड."

"भोक पाडलं तर तो आकार राहत नाही."

"आकाराला काय चाटायचंय?"

तो हसला, पण ऐकलं नाही. आईसाठी जीव देईल, समीकरणाला बोट लावू देणार नाही, असा हा माणूस. ती डब्याचं झाकण लावून निघून गेली आणि तिची मलाच कीव आली.

पुढे तो दिवसभर त्या आकृतीच्या आत असायचा. माऊसने वाटेत शिरायचा, वळणं घेत दुसऱ्या टोकाला निघायचा, सांधे तपासायचा. एके दुपारी तो खुर्चीतून उठून माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"काका, मी आपल्या वाटेने चालतो ना, तेव्हा पलीकडच्या वाटेने कुणीतरी बरोबरीने चालतं असं वाटतं. मी थांबलो की थांबतं."

"डोळे तपासून घे," मी म्हटलं. "आणि उन्हात जरा बस."

मशीनने दगड थराथराने कापला आणि आम्ही ते थर डिंकाने एकावर एक चिकटवले. आतले सांधे पुसायला हात फक्त माझाच लांब. खांद्यापर्यंत आत घालून मी कापड फिरवत होतो, भर दुपारी, मशीन बंद. मी घासलं, की भिंतीच्या पलीकडूनही घासल्यासारखं व्हायचं. जरासं मागून. आवाज घुमत असेल, म्हणून मी हात थांबवला. पलीकडचा आणखी एकदा फिरला आणि मग थांबला.

मी हात बाहेर काढला आणि चहा करायला गेलो. लमीनला सांगितलं नाही. त्याला उन्हात बसायला सांगणारा मी, आता कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

शिल्प बसवलं त्या दिवशी भाषणं झाली, हार झाले, पाहुणे गेले. मागे आम्ही तिघंच उरलो. मबरूकाने सफसारीच्या, अंगभर पांघरलेल्या पांढऱ्या चादरीच्या, आतून तांब्याचा लोटा काढला, घरून भरून आणलेला. गेलेल्यांच्या वाटेचं वरचं तोंड समुद्राकडे होतं. तिने त्यात लोटा रिकामा केला आणि आमच्याजवळ येऊन उभी राहिली.

पाणी समुद्राच्या बाजूच्या खालच्या तोंडातून पडायला हवं होतं. तिथे काही आलं नाही. आम्ही वाट पाहिली. मग आपल्या वाटेच्या, आमच्या बाजूच्या तोंडातून, तिच्या पायांपाशी, बारीक धार लागली.

लमीनचा चेहरा उतरला. "सांधा गळतोय," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "काका, आईच्या सांगण्यावरून तुम्ही आत भोक तर नाही ना पाडलंत?"

"माझ्या बापाची शपथ, नाही."

त्याने नळावरून लोटा भरून आणला आणि त्याच तोंडात ओतला. पाणी समुद्राकडे पडलं. पुन्हा ओतलं, समुद्राकडे. मी ओतलं, तेही समुद्राकडे. मबरूकाने आमच्या हातून लोटा घेतला, भरला, ओतला. धार तिच्या पायांशी आली.

मी पिराच्या दर्ग्यावर चिंध्या बांधणाऱ्यांतला नाही. पण मी दोन पावलं मागे सरकलो, खोटं कशाला सांगू.

मबरूका खाली बसली. तिने ओंजळ धरली आणि पाणी तोंडाला लावलं. मग ओंजळ माझ्यापुढे केली. मीही बोट बुडवून चाखलं. लोट्यात नळाचं गोड पाणी होतं. हे खारट होतं, आमच्या समुद्रासारखं. आणि दगड तर डोंगरातला, समुद्राचं पाणी त्याला कधी लागलेलं नव्हतं.

तिने ओलं तोंड सफसारीने पुसलं नाही. दगडाला हात टेकून ती उठली.

"पाठीमागे पाणी ओतलं की परत येतो म्हणतात," ती म्हणाली. "आला. आता त्याला जाऊ दे. लमीन, इमामांना सांग, उद्या नमाज पढायची."

ज्यासाठी तो इतके दिवस तिच्या मागे लागला होता, ते हेच. आणि हा माणूस तिच्या समोर आडवा उभा राहिला.

"आई, तो डिंक आहे. डिंकात क्षार असतात. थर खालीवर झाला असेल. त्यावरून काही ठरत नाही, ऐकतेस ना? मी सगळं उकलून बघतो. दोन्ही वाटा कुठेच मिळत नाहीत, मी स्वतः काढल्यात."

"चांगल्या काढल्यास," ती म्हणाली. तिने त्याच्या गालावर हात फिरवला. तो हात अजून ओला होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. जुम्यानंतर नमाज झाली. लमीन शेवटच्या रांगेत उभा होता. घरी आल्यावर मबरूकाने कुसकुस वाढला. एक ताट माझं, एक लमीनचं, एक तिचं. ती खाली बसली आणि किती तरी महिन्यांनी पोटभर जेवू लागली.

लमीनने घास उचलला नाही. तो उठून आत गेला आणि वज्दीचं ताट घेऊन आला. माशाचा मोठा तुकडा त्यात घातला, वर चमचाभर हरिसा, आणि ते रिकाम्या जागेसमोर ठेवलं. मबरूकाने त्याच्याकडे पाहिलं आणि आपला घास घेतला.

त्या दिवसापासून ते ताट लमीन वाढतो.