टॉवेल-टोपीचा नियम

बिदरच्या कॉम्प्युटर क्लासात आमचे सर एक्सएसएलटी शिकवायचे. मूळ कागदाला हात न लावता, नियम लावून त्यातून दुसरा कागद घडवायची ती भाषा. उदाहरण मात्र कायम लग्नाचं.

"पाव्हण्यांची रांग यायलीय. तुमी कुणाला हुडकत फिरायचं न्हाई. नियम लिहून ठिवायचा. जावई दिसला, टॉवेल-टोपी. मामा दिसला, फेटा. कळ्ळं काय?"

मी विचारलं, "सर, एखाद्याला नियमच नसला तर?"

"तर आडवायचं न्हाई. हाय तसा पुढं जाऊ द्यायचा."

मला त्यातली टोपी तेवढी कळायची.

पुढं सरांच्या मुलीचं लग्न संतपूरला झालं. मांडवात सरांच्या मेव्हण्यानं एका धुळकट माणसाचा दंड धरला. "पोराकडचं का पोरीकडचं तुमी?"

"कुणाकडचाच न्हाई. बस चुकली, जेवणाचा वास आला."

वरणाची बादली घेऊन चाललेले सर थांबले. "नियम न्हाई ना त्याला? मंग आडवायलास कामून?"

माणूस पोटभर जेवला. निघाला तसं सरांनी हाक मारून त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला.

मेव्हणा तडकला. "दाजी, आता ह्यो कोण लागतो आपला?"

"आपल्या पंगतीत जेवला न्हवं? आता हाय त्याला नियम. कळ्ळं काय?"