मस्कीसाठी बांधलेल्या माश्या

धाकट्या दिरांचं कॅनडाहून पहिलं पार्सल आलं तेव्हा आम्ही शारजात राहत होतो. खोक्यात मोठाले गळ, हरणाच्या शेपटीचे केस, टेबलाच्या कडेला आवळायचा, गळ पकडून ठेवणारा एक छोटा व्हाइस आणि एक व्हिडिओ कॅसेट. मस्कीसाठी फ्लाय कशी बांधायची ते त्या कॅसेटमध्ये होतं. मस्की हा तिकडच्या तळ्यांतला मासा, माणसाच्या पायाइतका लांब, चपट्या जबड्याचा. फ्लाय म्हणजे माशी. गळावर केस आणि पिसं बांधून केलेलं खोटं भक्ष्य. पण मस्कीची माशी वीतभराहून मोठी लागते. आमच्या मुलीने ती पाहिली आणि म्हणाली, "डॅडी, दॅट्स नॉट अ फ्लाय, दॅट्स अ रॅट!"

हे रेवदंड्याच्या खाडीवर वाढलेले. दुबईत एसीच्या डक्टची कामं घेणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होते. रोजचा जाऊन-येऊन अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये जायचा, घरी आले की बोलायचं त्राण नसे. आम्ही कॅनडासाठी अर्ज केला होता आणि दीर फोनवर म्हणायचे, "दादा, तू नुसता ये. बोट आहे माझ्याकडे. पहिली मस्की तू काढायचीस." त्या एका वाक्यावर ह्यांनी शुक्रवारची, सुट्टीची सकाळ फ्लाय बांधायला लावली.

कुठली फ्लाय, हा पहिला प्रश्न. दिरांच्या तळ्याचं पाणी गढूळ, तांबूस. तशा पाण्यात माशाला रंग दिसत नाही, सावली दिसते. म्हणून काळी, आणि पोटाशी थोडा नारिंगी. मी ब्लाउज शिवायचे, म्हणून रंग मला विचारायचे. "हा नारिंगी चालेल का गं?" मी म्हणायचे, "अहो, हा भगवा झाला. जरा लालसर हवा." चमक यावी म्हणून मी जुन्या साडीची जर उसवून दिली. हरणाचे केस संपल्यावर हे खाटकाकडून बोकडाच्या शेपट्या आणायचे. कोंबड्याची मानेवरची पिसं दुबईतल्या देऱ्याच्या बाजारातून. सगळं धुऊन बाल्कनीत वाळत घातलं की शेजारची मल्याळी बाई दार लावून घ्यायची.

बांधायची रीत अशी: मागच्या गळाला लांब पिसांची शेपूट, मग तारेने दुसरा गळ जोडायचा, आणि त्यावर चिमूट चिमूट केस, मागून पुढे येत. डोक्याशी दाट, म्हणजे पाणी ढकललं जातं आणि मागची शेपूट वळवळते. केस जास्त झाले तर फ्लाय बुडत नाही, कमी झाले तर पाण्यात गेल्या गेल्या ओल्या मांजरासारखी चिकटून जाते. आम्ही बाथटब भरून ओढून बघायचो. जमली नाही की हे ब्लेडने दोरा कापून पहिल्यापासून सुरू करायचे.

वर्षं गेली. ऑफिसातला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, अकाउंटंट ह्यांना भेटला की विचारायचा, "कॅनडा?" हे म्हणायचे, "इन्शाल्ला." मग त्या अर्जासाठीची मेडिकल झाली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून घेतलं. दोन्ही किडन्या खराब होत चालल्या होत्या. ह्यांना काही कळलंही नव्हतं. पाय सुजायचे ते दिवसभर साइटवर उभं राहून, असं आम्ही धरून चाललो होतो. काही महिन्यांनी कॅनडाचा नकार आला.

मला वाटलं, आता हे टेबल मोकळं होईल. पुढच्याच शुक्रवारी हे पुन्हा व्हाइस लावून बसले.

"अहो, आता कुणासाठी?"

"तो येणार आहे ना डिसेंबरात. त्याच्याबरोबर पाठवू."

त्या काळात बांधलेल्या फ्लाय सगळ्यांत चांगल्या होत्या. मला त्या बघवत नसत. दीर आले, एकेक उचलून वाखाणली, डबा घेऊन गेले.

पुढल्या वर्षी त्यांचा फोन आला. आवाज फुटलेला होता आनंदाने. "दादा, आली होती! तुझ्या काळ्या फ्लायच्या मागे पार बोटीपर्यंत आली."

"मग?"

"मग मी काठीचं टोक पाण्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवलं. मासा बोटीपाशी आला की तसंच करतात. ती खाली उभी राहिली, बघत राहिली. आणि गेली तळाला."

"तिला जर लावलेली होती?"

"हो, वहिनींची जर."

"बघून गेली," हे म्हणाले. फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. पुढच्या सीझनला नक्की, असं दीर मला सांगत होते. पण पुढचा सीझन आलाच नाही. त्यांची नोकरी गेली, बोट विकली, पश्चिमेकडे कुठे तरी दुसरी नोकरी धरली. तिथे मस्की नसते, असं त्यांनी ह्यांना सांगितलं नाही, मला सांगितलं. मीही ह्यांना सांगितलं नाही. एके दिवशी हे आपणच म्हणाले, "तिकडे नसते ती. मला माहीत आहे."

डायलिसिस सुरू झालं. ज्या हातात सुया टोचायच्या त्याची बोटं बधिर व्हायला लागली. दोरा ताणून धरता येईना. चार वेढे दिले की पाचव्याला सैल. एका शुक्रवारी मला म्हणाले, "तू गाठ मार." मी मारली. ब्लाउजच्या हुकाला मारते तशी, घट्ट. पण केस गळाभोवती गोल फिरले आणि सगळे एका बाजूला आले.

"पुन्हा करू?"

"राहू दे."

त्यांनी दोरा उलटा सोडवला. एकेक वेढा, घाई न करता. केस रंगांप्रमाणे वेगळे करून पिशव्यांत भरले, व्हाइस टेबलावरून काढला आणि पुसला. मग म्हणाले, "खलास." राग नव्हता त्यात. साइटवरचं काम संपल्यावर म्हणतात तसं म्हणाले.

"तहान लागली गं," थोड्या वेळाने म्हणाले. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं आणि सकाळचं पिऊन झालं होतं. मी फ्रीजरमधून बर्फाचा एक खडा आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात घातला आणि विरघळेपर्यंत डोळे मिटून बसले.