दाजींच्या अक्षता

एखाद्याचा सूड घ्यायचा तर आपली हत्यारं जागेवर असावी लागतात. माझी असतात. नांदेडच्या आमच्या घरात कॉम्प्युटरच्या टेबलाखाली एक पत्र्याचा डबा आहे. त्यात स्टार स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा मऊ ब्रश, जुना टूथब्रश, रॅम पुसायला खोडरबर आणि प्रोसेसरला लावायच्या पेस्टची छोटी नळी. झाकणाच्या आत कागद चिकटवलेला आहे, कधी काय साफ करायचं त्याचा. बायको त्याला माझं पंचांग म्हणते. म्हणू दे.

मी घरी आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेतो. सरावाचे पेपर स्वतः टाइप करतो, आकृत्या स्वतः काढतो. मानवी डोळा, विजेचा परिपथ, फुलाचा छेद. बाजारात तयार पेपर मिळतात, पण त्यात चुका असतात आणि चुका मला सहन होत नाहीत. गल्लीतल्या बऱ्याच मुली माझ्याकडे येतात. पुढच्या खोलीत सतरंजी टाकलेली असते, दार उघडं असतं, आई ओट्यावर भाजी निवडत असते. घरगुती शिकवणी चालते ती मास्तरच्या नावावर. नाव गेलं की सतरंजी गुंडाळून ठेवायची.

ते नाव घालवायला निघाले होते आमचे दाजी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. लातूरला एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसतात, त्यामुळे दोन्हीकडच्या सगळ्या घरांत मशीनचे डॉक्टर तेच. शिवाय जावई. आमच्या आईसाठी जावई म्हणजे ज्याच्यापुढे भिंतीवरच्या घड्याळानंसुद्धा हळू वाजावं असा माणूस.

त्या वर्षी खंडेनवमीला लातूरला स्वतःच्या कॉम्प्युटरची पूजा उरकून दाजी आणि अक्का दसऱ्याला आमच्याकडे आले. मी माझ्या पद्धतीनं पूजा केली होती. कॅबिनेटला कुंकवाचं एक बोट आणि मॉनिटरसमोर झेंडूचं फूल. दाजींनी ते पाहिलं आणि हसले.

"मेव्हणे, ही काय पूजा झाली का? मशीनची भाकरी खाता अन् एक बोट कुंकू?"

"पुरे की दाजी. धूळ चालत नाही त्याला."

"पूजेला धूळ म्हणून राहिले का तुम्ही? आण गं ताट."

अक्कानं ताट आणलं. दाजींनी आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलं, मग कुंकवात कालवलेल्या ओल्या अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्यांची मूठ भरली आणि कॅबिनेटच्या माथ्यावर सोडली. तिथं हवा बाहेर पडायला जाळी असते. मी पुढं झालो तर आईनं माझा हात धरला. "जावई हायेत. करू दे त्यांच्या मनासारखं."

"मी दरवर्षी करतो," दाजी म्हणाले. "म्हणून माझं मशीन कधी आजारी पडत न्हाई."

वरवरचे तांदूळ मी पुसून घेतले. त्यानंतर मशीन रेंगाळायला लागलं, आणि दिवाळीच्या तोंडावर तर काम करता करता आपोआप बंद पडायला लागलं. पाडवा झाला की उघडून बघायचं असं मी ठरवलं होतं. मॉनिटरला चिठ्ठीही लावली: "डेस्कटॉपवर पेपर आहेत. विचारल्याशिवाय हात लावू नये."

भाऊबीजेला अक्का आणि दाजी आले. बायको तिच्या भावाला ओवाळायला माहेरी गेली होती. अक्काला घेतलेल्या साडीचा रंग तिला पसंत पडला नाही म्हणून मी ती बदलायला बाजारात गेलो. परत आलो तेव्हा दाजी माझ्या खुर्चीत बसले होते आणि पडद्यावर टक्के चढत होते.

"काय करून राहिलात दाजी?"

"फॉरमॅट मारला. लई घाण झालती मशीनमध्ये."

"डेस्कटॉपवर माझे पेपर होते."

"असतील की. आता न्हाईत."

चिठ्ठी टेबलावर होती. तिच्यावर त्यांनी चिवड्याची वाटी ठेवली होती.

उन्हाळ्यापर्यंतचं काम माझ्याकडे पेनड्राइव्हवर होतं. त्यानंतरचं सगळं गेलं. पण हे मी गिळलं असतं. पुढचं गिळण्यासारखं नव्हतं.

समोरच्या वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या. त्यांच्या दोन्ही मुली माझ्याकडे शिकायच्या. मशीनपुढे गर्दी बघून त्यांनी सहज विचारलं, काय बिघडलं म्हणून. दाजींना तेवढंच पाहिजे होतं.

"वहिनी, मशीन काय आपोआप बिघडतं का? व्हायरस येतो. अन् व्हायरस कुठून येतो? तसल्या साइटवरून येतो. आता मास्तर एकटेच बसतात रात्री दार लोटून. आपण काय बोलावं!" आणि मांडीवर थाप मारून हसले.

"अहो, काहीही काय बोलता," अक्का म्हणाली, पण पदराआड तीही हसत होती.

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "जावईबापू, चहात साखर बरोबर हाय का?"

वहिनींनी ताट ठेवलं आणि चहाला न थांबता गेल्या.

दिवाळीनंतर शिकवणी सुरू झाली तेव्हा त्यांच्या मुली आल्या नाहीत. विचारलं तर "घरीच करतील म्हणून राहिल्यात अभ्यास" असं उत्तर आलं. आणखी काही जणींच्या आया शिकवणीच्या वेळी आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या. आईशी गप्पा मारायला म्हणे. इतकी वर्षं त्यांना गप्पा सुचल्या नव्हत्या. मी फळ्यावर प्रकाशाचं अपवर्तन काढत होतो आणि पाठीवर त्यांचे डोळे मला लागत होते.

"तू त्या दिवशी काही बोलली का नाहीस?" मी आईला विचारलं.

"जावई हाय त्यो. त्याला काय बोलावं?"

आणि फॉरमॅट मारूनही मशीन बंद पडतच होतं. एका रविवारी मी ते पाटावर आडवं घेतलं, बाजूचे स्क्रू काढले, पत्रा सरकवला. प्रोसेसरच्या पंख्यात तांदूळ अडकले होते. पाण्यानं फुगून, कुंकवानं लाल होऊन, पात्यांना चिकटून बसले होते. खालच्या धातूच्या पट्ट्यांत झेंडूची पाकळी वाळून गेली होती. पंखा फिरत नव्हता, प्रोसेसर तापत होता, आणि जास्त तापलं की मशीन स्वतःला बंद करून घेत होतं. एवढी साधी गोष्ट.

ब्रशनं सगळं काढलं, पेस्ट लावली, पत्रा बसवला. मशीन दिवसभर चाललं, एकदाही बंद पडलं नाही. व्हायरस नव्हताच कधी. दाजींनी स्वतःच्या हातानं मशीन आजारी पाडलं होतं आणि नाव माझं घेतलं होतं.

ते तांदूळ मी फेकले नाहीत. औषधाच्या रिकाम्या डबीत भरले. आईला दाखवले असते तर ती म्हणाली असती, जावयानं भक्तीनं टाकले, त्यात काय? दाजींना फोन केला असता तर ते हसले असते. चारचौघांत झालेली गोष्ट चारचौघांतच फेडायची, हे मी डबीचं झाकण लावता लावताच ठरवलं. आणि दाजींचं ते वाक्य मला आठवत होतं. मी दरवर्षी करतो.

मला फक्त थांबायचं होतं. थांबणं मला जमतं.

पुढं अक्काचा फोन आला. "अरे, ह्यांचं मशीनबी बंद पडून राहिलंय बघ. फॉरमॅट मारला तरी तसंच."

"अच्छा? मग दाजींना सांग, अजून एकदा मारून बघा."

"तू सांग की काहीतरी."

"मी काय सांगणार? जाणकार तेच."

फोन ठेवल्यावर मी पोहे खाल्ले. त्या दिवशीसारखे पोहे आमच्या घरात पुन्हा झाले नाहीत.

येळवस आली. लातूरकडे वेळ अमावस्येला कोणी घरात थांबत नाही, सगळी पाहुणेमंडळी शेतात जेवतात. दाजींच्या शेतावर दरवर्षी त्यांचे वडील, भाऊ, भावजया, शेजारी आणि आमच्यासारखे व्याह्यांकडचे लोक जमतात. आई, बायको आणि मी एसटीनं निघालो. पिशवीत पत्र्याचा डबा होता.

"येळवसला हे कशाला?" आईनं विचारलं.

"लागला तर असावा."

कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करून पूजा झाली, आंबिलाचं मडकं रिकामं झालं, पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीवर भाकरी चुरून सगळे जेवले. मी दाजींना आग्रह करून करून वाढलं. "घ्या दाजी, अजून घ्या." दाजी खूश होते.

दुपार कलल्यावर सगळे लातूरच्या घरी आलो. दाजींनी मोबाइलमधले शेतातले फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर बसवलं. पहिलाच फोटो आला, त्यात दाजी आंबील पीत होते, आणि पडदा काळा झाला. पुन्हा चालू केलं. पुन्हा काळा.

"लाइट कमी-जास्त होऊन राहिली," दाजी म्हणाले.

"मग टीव्ही कसा चालू हाय?" त्यांचे वडील खाटेवरून म्हणाले.

मी उभा राहिलो. आवाज मऊ ठेवला. "दाजी, परवानगी असली तर बघू का? तुमच्याएवढं कळत नाही मला."

"बघा की मेव्हणे, बघा. शिकाल काहीतरी."

मी जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं. वायर काढल्या, कॅबिनेट मधोमध आणून ठेवलं. "आई, तू पुढं ये. तिथून दिसायचं नाही." आई पुढं आली. स्क्रू काढले, ते वाटीत ठेवले, पत्रा बाजूला केला आणि कॅबिनेट हळूच तिरपं केलं.

तांदूळ खळखळून कागदावर पडले. लाल, पिवळे, वर्षानुवर्षांच्या धुळीनं काळे पडलेले. त्यांच्यामागून पाकळ्या आणि आंब्याच्या पानाचा तुकडा.

"अगंबाई," दाजींची भावजय म्हणाली, "भाऊजी, खिचडीला होईल की एवढा!"

मी गुडघ्यावर बसूनच वर बघितलं. "दाजी, हे कोणत्या साइटवरून आलं?"

दाजींचा चेहरा कुंकवासारखा झाला. "उंदरानं आणला असंल."

"हळद-कुंकू लावून?"

खोलीत हशा पिकला. अक्कासुद्धा हसली, ह्या वेळी पदर न घेता. मी हसलो नाही. खिशातून डबी काढली आणि झाकण उघडून त्या तांदळाशेजारी ठेवली.

"हे आमच्या मशीनमधले. दसऱ्याला तुम्हीच टाकले होते. दिवाळीत त्यालाच तुम्ही व्हायरस म्हणालात, आणि समोरच्या वहिनींना सांगितलंत की मास्तर रात्री दार लोटून बसतात. आता इथं सगळे आहेत. सांगा ना, काय बघत होतो मी?"

हशा थांबला.

"अहो, गंमत केलती मेव्हणे."

"आजपण गंमतच आहे. हसा की."

दाजींचे वडील खाटेवरून उठून बसले. "मास्तराच्या घरी लोकांच्या पोरी शिकायला येतात, अन् तू असलं बोलला?"

दाजी वाटीतले स्क्रू उगाच चाळवायला लागले. मी त्यांना सोडवलंही नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला तो मी नीट बघून घेतला, येळवसच्या थंडीत.

मग आई बोलली, नेहमीच्याच आदरानं. "जावईबापू, पूजेच्या अक्षता हायेत. केरात टाकायच्या नसतात. उचला अन् तुळशीत टाकून या."

दाजींनी ओंजळ भरली. सगळ्यांच्या मधून, पाय आवरून बसलेल्या पाहुण्यांच्या मधून ते दाराकडे निघाले. बोटांच्या फटीतून दाणे पडत होते.

"त्येबी उचल," त्यांचे वडील म्हणाले.

दाजी वाकले.

त्यानंतर मी माझ्या डबीचं झाकण लावून ती खिशात घातली, त्यांचा पंखा साफ केला, पेस्ट लावली, मशीन सुरू करून दिलं. काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. शिवाय ते बंदच राहिलं असतं तर दाजींना पुन्हा लाइटचं निमित्त सापडलं असतं. फोटो अखेरपर्यंत दिसले, मशीन बंद पडलं नाही, आणि प्रत्येक फोटोला दाजींना तिथं बसून राहावं लागलं.

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एवढं सगळ्यांसमोर कशाला करायचं?"

"त्यांनीपण सगळ्यांसमोरच केलं होतं."

तिनं पदर कानावरून घट्ट ओढून घेतला. पण घरी आल्यावर कुलूप उघडायच्या आधी समोरच्या वहिनींच्या दारात जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. आवाज चांगला मोठा होता. जावई कसा वाकला तेसुद्धा करून दाखवलं. ओट्यावर बसणाऱ्या आयांना तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगितलं, आणि त्यानंतर त्यांना गप्पा सुचेनाशा झाल्या.

वहिनींची धाकटी परत आली. थोरलीनं तोवर दुसरीकडे क्लास लावला होता. गेलेले पेपर मी पुन्हा टाइप केले. डोळ्याची आकृती मात्र पहिल्यासारखी जमली नाही, आणि ते मी दाजींच्या नावावर अजून मांडून ठेवलंय.

दाजी येतात. मान तोच, ताट तेच. फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत ते बसत नाहीत. ते यायच्या आधी मी ती औषधाची डबी खणातून काढून बैठकीत टीव्हीवर ठेवतो, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर. ते गेले की पुन्हा खणात.