बांधावरचं केकताड

अमेरिकेतून लातूरला आलेल्या मेव्हण्यानं टकीलाची बाटली उघडली. ही म्हणे लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली. "दाजी, गटकन गिळू नका. आधी वास घ्या, मग सांगा." मी वास घेतला, घोट जिभेवर फिरवला आणि निकाल दिला: आधी गुळाचा वास, मागून जळक्या लाकडाचा. झकास!

मग खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि उडालोच. हे तर केकताड! औशाजवळच्या आमच्या बांधावर गुरं शिरू नयेत म्हणून लावलेलं घायपात. त्याची काटेरी पानं ओढ्यात कुजवून वडील बैलांची दावी वळायचे. चीक लागला की आम्ही खाजवून हैराण व्हायचो.

"हे पितेत? डोकं फिरलंय का लोकांचं?" मी ओरडलो.

"त्याच जातीतलं, दाजी. गाभा भाजून करतेत," मेव्हणा शांतपणे म्हणाला.

मी तिथूनच गावाकडं धाकट्या भावाला फोन लावला. "आपलं केकताड हाय ना रे बांधावर?"

"न्हाई दादा. मशीन लावून उपटलं, पेटवून दिलं समदं. लई जागा अडवून बसलं होतं."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"पण जळताना," तो म्हणाला, "गुळावाणी वास सुटला होता बघ."