स्टुलावरचा दात

देवगाव फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडं नदीच्या वाळूत सापडलेला एक जड दगड होता. गाडी घसरू नये म्हणून तो चाकामागं लावायचा. एकदा पंक्चर काढायला थांबलेल्या एका प्राध्यापकांनी तो उचलून पाहिला आणि हा हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तीचा दात आहे, असं सांगितलं. तेव्हापासून दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर दात बसतो आणि गिऱ्हाईक उभं राहतं.

"इथं लय गवत होतं, सायेब," असं तो मला सांगतो, जणू सकाळीच कापून आलाय. "दात बघा, चघळून चघळून झिजलाय." कुणी हळद-कुंकू लावायला लागलं की खवळतो. "देव न्हाई त्यो. जनावर हाय."

परवा कापसाची ट्रॉली उतारावरून मागं सरकायला लागली. सवयीनं त्याचा हात दाताकडं गेला, थबकला, आणि त्यानं स्वतःचा जेवणाचा डबा चाकाखाली सारला. डबा सपाट करून ट्रॉली बाभळीला टेकली. भाकरी आधीच चपटी, तिचं फारसं बिघडलं नव्हतं.

"दगड लावला असता तर जागीच थांबली असती," मी म्हणालो.

"थांबली असती की," तो भाकरी सोलून काढत म्हणाला. "डबा सेलूत मिळंल. ह्या दाताचा हत्ती कुठून आणू?"