बांगडी म्हणजे आजी

त्या दिवशी शाळेच्या छोट्या खोलीत आम्ही सहा जणं होतो. शाळेच्या मोठ्या बाई, नातीच्या वर्गाची बाई, माझा मुलगा, सून, मी, आणि माझ्या मांडीवर नात. बोलणं सगळं तिच्याबद्दल, आणि तिला त्यातलं काही कळवायची सोय नाही.

नात सात वर्षांची. जन्मापासून दिसत नाही, ऐकूही येत नाही. लहान होती तेव्हा इथल्या नॉटिंगहॅमच्या कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, एक बाई घरी यायची. तिने शिकवलं की काहीही करायच्या आधी पोरीच्या हातात एक वस्तू द्यायची. टॉवेलचा तुकडा म्हणजे आंघोळ. चमचा म्हणजे जेवण. आणि पितळेची बांगडी म्हणजे आजी. माझ्या हातात आहेत त्यांतलीच ती एक. पोर आधी ती चाचपते, मग माझं मनगट शोधते, सारखंच लागलं की हसते. शाळा सुटताना ती हातात दिली की तिला कळायचं, आता घरी, आजीकडे.

आमचे हे गेले तेव्हा इथल्या मराठी मंडळातल्या दोघी जणी माझ्या हाताकडेच बघत होत्या. एक म्हणालीच, "काकू, अजून बांगड्या?" मी म्हटलं, काढल्या तर पोर मला ओळखणार कशी, तुम्ही येऊन सांगणार का तिला? आपल्या माणसांचं ऐकलं नाही मी.

आणि आता या शाळेने टर्म सुरू झाल्याबरोबर बांगडी घरी पाठवून दिली. शाळेत दागिने चालत नाहीत म्हणे. बदल्यात वस्तूंचा नवा डबा आणला. मोठ्या बाईंनी तो कौतुकाने उघडला. आंघोळीसाठी बोटाएवढा प्लास्टिकचा टब. घरी सोडणाऱ्या टॅक्सीसाठी खेळण्यातली गाडी. आणि आजीसाठी बाहुली, साडी नेसवलेली, कपाळाला टिकली. तुमच्या कल्चरचा विचार केलाय, म्हणाल्या.

साडी काय, टिकली काय, डोळे असणाऱ्याला. पोरीच्या हाताला सगळं प्लास्टिकच. वर तक्रार अशी की ती प्रतिसाद देत नाही, घरी जायच्या वेळी ओरडते, डोकं आपटते. मग काय करेल? मला कुणी न सांगता उचलून गाडीत कोंबलं तर मीही ओरडेन.

मी मुलाला म्हटलं, "सांग त्यांना, हा दागिना नाही. हा तिचा शब्द आहे, तो तुम्ही काढून घेतलात." त्याने सांगितलं, पण इतकं मऊ करून, मधेमधे सॉरी घालून, की बाई नुसत्या मान हलवत राहिल्या. मग मीच बाहुली उचलली. मी चौथी शिकलेली. नॉटिंगहॅमच्या बसमधून फिरून जेवढं इंग्रजी आलंय, तेवढ्यात विचारलं, "युअर मदर, प्लास्टिक?"

सुनेने माझा पदर ओढला. "आई, अहो, नको." वर्गाच्या बाईने मान खाली घातली. हसू दाबत होती की लाजली, कुणास ठाऊक.

बाहुली मी नातीच्या हातात दिली. तिने ती हुंगली, खाली टाकली आणि माझं मनगट घट्ट धरलं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तरी मोठ्या बाई म्हणाल्या, नियमाचं पुढच्या टर्मला बघू.

त्यांना पुढची टर्म आहे. पोरीला रोजची दुपार आहे. तोवर रोज तिला न सांगताच उचलणार, आणि ती दारात उतरेपर्यंत घाबरलेली असणार. उतरली की मी आधी हात पुढे करते, तिला बांगड्या चाचपू देते. मग ती शांत होते.

हे वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. तुमच्या शाळेत, शेजारात असं लेकरू असेल तर ते कोणाला कशावरून ओळखतं, ते घरच्यांना विचारा. आणि ती खरी वस्तू त्याच्या हातात राहू द्या.